निरोप कधीचा आहे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहाय्यक शिक्षकाने, बी. ए., बी. एड., दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी जो विषय घेतला आहे तो वरवर पाहता फार लहान आहे. आपल्या मोबाईलवर किंवा संगणकावर ब्राऊजरमधून जी सूचना येते, जिला आपण सारे नोटिफिकेशन म्हणतो, तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक वेळ लिहिलेली असते. "आत्ता", "१० मिनिटांपूर्वी", "सकाळी ७.००", असे काहीतरी. ही वेळ नेमकी कशाची? घटना घडली त्याची, निरोप पाठविला त्याची, की तो आपल्या हाती पडला त्याची? ह्या तीन वेळा वेगवेगळ्या असतात आणि त्यांची गल्लत झाली तर कधी विद्यार्थ्याचे वर्ष जाते, कधी घरातले सामान पाण्यात जाते आणि कधी शहराची शांतता जाते. म्हणून ह्या बारीक अक्षरांकडे आपण लक्ष दिले पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ही अडचण मोबाईलबरोबर आली असे कोणी समजू नये. ती फार जुनी आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीच्या काळात राज्याचा विस्तार झाला आणि दूरदूरच्या सुभ्यांशी पत्रव्यवहार वाढला. इतिहासकार असे सांगतात की, बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अल-अशअरी (रजि.) यांनी खलिफांना कळविले की, आपली पत्रे येतात पण त्यांवर तारीख नसते. दुसरी एक हकीकत अशी सांगतात की, खलिफांसमोर एक दस्तऐवज आला, त्याची मुदत शाबान महिन्यात संपते असे लिहिले होते. प्रश्न पडला, कोणता शाबान? गेलेला, चालू, की येणारा? महिना लिहिला होता, साल लिहिले नव्हते. ह्या विचारविनिमयातून हिजरी सनाच्या १७ व्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे इ. स. ६३८ च्या आसपास, हिजरतीपासून वर्षे मोजण्याचा निर्णय झाला. आपण ज्याला हिजरी सन म्हणतो त्याचा जन्म असा कागदावर तारीख घालण्याच्या गरजेतून झाला आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असली पाहिजे.

आता आजच्या शाबानाकडे वळू. शाळेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरून सूचना येते: "अर्ज भरण्याचा आज शेवटचा दिवस." कोणता आज? पालकाचा मोबाईल दोन दिवस बंद होता. घरी एकच मोबाईल, तो अब्बांच्या खिशात, आणि अब्बा कामानिमित्त परगावी. तिसऱ्या दिवशी मोबाईल चालू झाला आणि सूचना पडद्यावर आली, तीही "आत्ता" अशी वेळ घेऊन. आई धावपळ करून दाखले गोळा करते, रजा टाकून सायबर कॅफेत जाते आणि तेथे कळते की मुदत केव्हाच संपली. उलटही होते. खरोखरची ताजी सूचना जुनी समजून सोडून दिली जाते. दोन्ही प्रकारांत नुकसान विद्यार्थ्याचेच होते.

असे का होते, हे विद्यार्थ्यांनी यंत्राच्या अंगाने समजून घ्यावे. एखादे संकेतस्थळ सूचना पाठविते तेव्हा ती थेट आपल्या मोबाईलवर येत नाही. ती प्रथम ब्राऊजर बनविणाऱ्या कंपनीच्या मधल्या ठाण्यावर जाते. आपला मोबाईल बंद असेल, रेंज नसेल, तर ती तेथे थांबून राहते, जशी टपाल कचेरीत पत्रे पडून राहतात. मोबाईल चालू झाला की निरोप खाली उतरतो आणि आपल्या ब्राऊजरमध्ये असलेला एक लहानसा मदतनीस कार्यक्रम, ज्याला सर्व्हिस वर्कर म्हणतात, तो जागा होऊन त्या निरोपाची सूचना तयार करतो. सूचना तयार होते ती त्या क्षणी, आपल्या मोबाईलवर. म्हणून पाठविणाऱ्याने वेळ वेगळी सांगितली नसेल, तर ब्राऊजर सूचना तयार झाल्याची वेळ धरतो. म्हणजे व्यवहारात ती पोहोचल्याची वेळ ठरते.

पूर्वीच्या पोस्टकार्डाची आठवण ज्येष्ठांना असेल. त्यावर दोन शिक्के असत. एक जेथून कार्ड निघाले तेथील कचेरीचा, दुसरा जेथे पोहोचले तेथील. आणि वर डाव्या-उजव्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याने आपल्या हाताने घातलेली तारीख असे. तीन वेळा, तीन ठिकाणी, स्पष्ट. आजच्या सूचनेवर बहुधा एकच वेळ दिसते आणि ती तिघांतली कोणती हे तिच्यावर लिहिलेले नसते.

ह्यावर उपाय यंत्रातच ठेवलेला आहे. सूचना तयार करताना मथळा आणि मजकूर यांच्याबरोबर "टाइमस्टॅम्प" नावाचा एक रकाना भरता येतो. त्यात घटनेची मूळ वेळ घालावयाची असते. ती मागची असू शकते, उदाहरणार्थ मोबाईल बंद असल्यामुळे उशिरा पोहोचलेला निरोप. ती पुढचीही असू शकते, उदाहरणार्थ थोड्या वेळाने सुरू होणारी सभा. ही वेळ घड्याळासारखी लिहीत नाहीत, ती एका आकड्यात लिहितात. १ जानेवारी १९७० रोजी आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार रात्री ठीक बारा वाजल्यापासून किती मिलिसेकंद झाले, तो हा आकडा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आपण हिजरतीपासून वर्षे मोजतो, तसा संगणकाने आपला एक सन ठरवून घेतला आहे, असे समजा. त्या क्षणी आपल्या कोल्हापुरात पहाटेचे साडेपाच वाजले होते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे वही काढा. १,७०,००,००,००० म्हणजे १७० कोटी सेकंद. हा आकडा १९७० च्या आरंभापासून मोजला तर आंतरराष्ट्रीय वेळेनुसार १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे १० वाजून १३ मिनिटे २० सेकंद येतात. त्यात साडेपाच तास मिळविले की भारतात १५ नोव्हेंबरची पहाट, ३ वाजून ४३ मिनिटे २० सेकंद. क्षण एकच, पण तारीखसुद्धा बदलली. आता समजा, कार्यक्रम लिहिणाऱ्याने हाच आकडा मिलिसेकंदांत न बदलता तसाच घातला. ब्राऊजर १७० कोटी मिलिसेकंद समजेल, ते होतात १७ लाख सेकंद, म्हणजे वीस दिवसांहून थोडे कमी. मग सूचनेवर तारीख पडेल २० जानेवारी १९७०! तेव्हा कुठल्याही सूचनेवर जानेवारी १९७० दिसला तर भुताटकी समजू नका, कोणीतरी हजाराने गुणावयाचे विसरले आहे. सोपी खूण अशी की, आपल्या काळातील वेळ सेकंदांत लिहिली तर आकडा १० अंकी होतो आणि मिलिसेकंदांत लिहिली तर १३ अंकी.

दुसरी चूक साडेपाच तासांची होते. सकाळी ७ ची वेळ घालताना तिच्यापुढे "+०५:३०" असे लिहून ही भारतीय वेळ आहे हे संगणकाला सांगावे लागते. ते राहिले आणि ज्या संगणकावर हिशोब होतो तो आंतरराष्ट्रीय वेळेवर चालत असला, तर तो तेथले सात धरतो. आपल्याकडे ती वेळ दुपारी साडेबाराची दिसते. सूचना सकाळी आठला हातात आणि तिच्यावर वेळ दुपारची, असा चमत्कार त्यातून घडतो.

ही प्रमाणवेळेची गोष्ट आपल्या इतिहासाशीही जुळते. राजर्षी शाहू महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी ज्या १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढले, त्याच सालच्या १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. त्याआधी गावोगाव वेगळी घड्याळे होती. कोल्हापूरची सूर्यावरून ठरणारी सरासरी वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे आहे, कारण प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची आणि आपले शहर सुमारे सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर. मुंबई आपल्याही पश्चिमेला. म्हणून रमजानमध्ये मुंबईचे इफ्तारचे वेळापत्रक कोणी पाठविले तर ते येथे लागू पडत नाही. कोल्हापुरात सूर्य काही मिनिटे अगोदर मावळतो. वेळ लिहिलेली असूनही ती कुठली हे पाहावे लागते, ही गोष्ट आपल्या माताभगिनींना कोणा इंजिनिअरने शिकविण्याची गरज नाही. हाच न्याय परदेशातील आप्तांच्या निरोपाला लावा. कोल्हापुरात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा दुबईत साडेआठ असतात आणि रियाधमध्ये साडेसात. एकच सूचना तिन्ही ठिकाणी आली तर प्रत्येकाचा मोबाईल ती आपापल्या वेळेत दाखवितो, आणि ते बरोबरच आहे. मात्र मजकुरात कोणी हाताने "आठ वाजता फोन करा" असे लिहिले, तर कुठले आठ, हेही त्याने लिहिले पाहिजे.

आता पुराकडे येऊ. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै विसरणे शक्य नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ फूट झाली की धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पावसाळ्यात दिवसभर निरोप फिरतात: "राजाराम बंधारा ४१ फूट." पण केव्हा ४१? सकाळी सातला ४१ असेल आणि पाऊस चालू असेल, तर संध्याकाळपर्यंत नदी पुष्कळ वर आलेली असेल. किंवा पाऊस उघडला असेल आणि नदी उतरत असेल. तासाशिवाय फुटाला काही अर्थ नाही. राधानगरीचेही तसेच. त्या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याच्या पातळीप्रमाणे ते आपोआप उघडतात आणि मिटतात. "दरवाजा उघडला" हा निरोप सहा तासांनी वाचणाऱ्याला तो अजून उघडा आहे की मिटला, आणि सुटलेले पाणी कुठवर आले, हे निरोपाच्या वेळेवाचून कसे कळणार? सामान माळ्यावर चढवावयाचे की म्हाताऱ्या आईला घेऊन पाहुण्यांकडे जावयाचे, हा निर्णय त्या एका आकड्यावर होत असतो.

अशा निरोपांसाठी यंत्रात आणखी एक सोय आहे, तीही सांगून ठेवतो. निरोप मधल्या ठाण्यावर किती काळ ठेवावा, ही मुदत पाठविणारा सेकंदांत सांगू शकतो. नदीच्या पातळीला चार तासांची, म्हणजे १४,४०० सेकंदांची मुदत घातली, तर चार तासांत जो मोबाईल चालू झाला नाही त्याच्याकडे तो शिळा आकडा जातच नाही. शिळे अन्न वाढण्यापेक्षा न वाढलेले बरे.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, पण टाळण्यासारखी नाही. ७ जून २०२३ रोजी आपल्या शहरात काय झाले ते आपण पाहिले. मोबाईलवरच्या स्टेटसवरून वातावरण तापले, बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवण्यात आली. कोण बरोबर, कोण चूक, ह्याची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. मी फक्त वेळेबद्दल बोलतो. सेवा बंद असते तेव्हा निरोप वाटेत साठत राहतात आणि ती चालू झाली की एकदम कोसळतात. समजा, "अमुक चौकात गर्दी जमली आहे" असा निरोप कोणी दुपारी पाठविला आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी, सारे शांत झाल्यावर, आपल्या मुलाच्या पडद्यावर नव्याने उगवला. त्याने वेळ न पाहता तो दहा जणांना पुढे पाठविला. आता त्या दहा जणांच्या मोबाईलवर त्याखाली वेळ दिसेल ती मुलाने पाठविल्याची, आजची, सकाळची. कालची विझलेली आग आजची होऊन दहा घरांत गेली, आणि ती नेणारा आपला मुलगा. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेल्या निरोपावर "फॉरवर्डेड" असे लिहिलेले असते. पुष्कळ हातांतून आला असेल तर दुहेरी बाण असतो. ती खूण दिसली की समजावे, खालची वेळ मूळ निरोपाची नाही.

यावर कोणी म्हणेल, टाइमस्टॅम्प घातला असेल तर मग विश्वास ठेवावा ना? तर तेही नाही. तो रकाना पाठविणारा स्वतः भरतो. त्याने कोणताही आकडा घातला तरी यंत्र त्याला अडवीत नाही. काही ब्राऊजर तो आकडा दाखवितात, काही त्याकडे लक्षच देत नाहीत. शिवाय आपल्या मोबाईलचे घड्याळ चुकलेले असेल तर "५ मिनिटांपूर्वी" हेही खोटे ठरते. तेव्हा वेळ ही पाठविणाऱ्याची साक्ष आहे आणि साक्ष तपासून घ्यावयाची असते. आपल्याकडे हदीसच्या विद्वानांनी हेच केले. अमुक रावीने अमुकाकडून ऐकले असे सांगितले, तर त्या दोघांच्या जन्ममृत्यूची साले पाहून त्यांची भेट तरी शक्य होती काय, हे ते तपासत. कुरआन शरीफच्या सूरह हुजुरातमध्येही आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे, न जाणो अजाणतेपणी आपण कोणाचे नुकसान करू आणि मागाहून पस्तावू. हा वारसा ज्यांच्या घरात आहे त्यांच्या मुलांनी न पाहता अंगठा दाबावा, हे शोभत नाही.

आता पालकांनी घरी जाऊन काय करावे ते थोडक्यात सांगतो.

पहिले, मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ आपोआप घेण्याची सोय चालू आहे का, हे पाहावे. दुसरे, महत्त्वाची सूचना आली की तिच्यावर विसंबून न राहता त्या संकेतस्थळावर जाऊन मूळ परिपत्रक आणि त्याची तारीख पाहावी. तिसरे, ब्राऊजरच्या सेटिंग्जमध्ये साईट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स हा भाग उघडून कोणकोणत्या संकेतस्थळांना आपण परवानगी देऊन बसलो आहोत ते वाचावे. शाळा, शिष्यवृत्ती, शासन ठेवावे. बक्षिसे वाटणारे आणि भीती घालणारे काढून टाकावेत. चौथे, अँड्रॉइड ११ पासून पुढच्या बहुतेक मोबाईलमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी नावाची सोय आहे. ती चालू ठेवली तर नजरचुकीने पुसलेली सूचना मागाहून पाहता येते.

आणि जे सूचना पाठवितात त्यांच्यासाठी, म्हणजे आम्हा शिक्षकांसाठी, संस्थेच्या कचेरीसाठी, मोहल्ल्याच्या मंडळासाठी एक विनंती आहे. सूचनेत "आज", "उद्या", "परवा" हे शब्द लिहू नयेत. वार, तारीख, महिना, साल आणि वेळ पूर्ण लिहावी. महिना अक्षरांत लिहावा, कारण ७/६ म्हणजे ७ जून की ६ जुलै, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून राहते. टाइमस्टॅम्पचा रकाना भरावाच, पण तो सगळीकडे दिसेलच असे नसल्याने तीच वेळ मजकुरातही घालावी. "पालकसभा उद्या" ह्याऐवजी वार आणि पूर्ण तारीख लिहून "सकाळी १० वाजता" असे म्हटले, तर चार शब्द वाढतात, पण मोबाईल दोन दिवसांनी उघडणाऱ्या आईचा हेलपाटा वाचतो. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो दिवसभर बाहेर असतो, त्या घरांचा विचार सूचना लिहिणाऱ्याने आधी केला पाहिजे. आपल्या संस्थेत अशी घरे कमी नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक गृहपाठ देतो. एका आठवड्यात घरच्या मोबाईलवर आलेल्या दहा सूचना वहीत उतरा. प्रत्येकीपुढे तीन रकाने करा: घडली केव्हा, निघाली केव्हा, पोहोचली केव्हा. जेथे भरता येणार नाही तेथे रकाना रिकामा ठेवा. आठवड्याच्या शेवटी किती रकाने रिकामे राहिले ते अम्मी-अब्बांना दाखवा. रिकाम्या रकान्याचा निरोप पुढे पाठवावयाचा नाही, एवढा नियम घरात झाला तरी पुष्कळ झाले.